‘हँग झालंय वाटतं!’ : व्हिडिओ आर्ट बघायचं तरी कसं?

गोव्यातल्या एका प्रदर्शनात, डिसेंबरातल्या एका दुपारी, मी अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. समोर भिंतभर एक बाई. तिचा उजवा हात मांडीवरून वर येत होता, पण इतका सावकाश की तो हलतोय हे डोळ्यांना पटत नव्हतं. तेवढ्यात काळा पडदा सारून एक कुटुंब आत आलं. आईबाबा, दहाएक वर्षांचा मुलगा आणि आजी. मुलाने दोन सेकंद बघितलं आणि निकाल दिला, "हँग झालंय वाटतं." बाबा म्हणाले, "चल, पुढच्या खोलीत बघू." कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सुरक्षारक्षकाला ते लागलं. "चालू आहे साहेब," तो म्हणाला, "मघाशी हात खाली होता." तोवर तिघं बाहेर पडले होते. आजी तेवढ्या मागे राहिल्या, कारण खोलीत बाक होता.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. चित्र थांबलं म्हणजे नेट गेलं, हे आज दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. पण व्हिडिओ आर्ट नावाच्या या प्रकाराला आता हळूहळू सगळीकडे जागा मिळू लागली आहे. पणजीत 2016पासून डिसेंबरात भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव असो की कोचीचं बिनाले हे मोठं कलाप्रदर्शन, अंधारी खोली आणि त्यात ‘काहीच न घडणारा’ व्हिडिओ हमखास भेटतो. कोचीच्या 2025-26च्या बिनालेचं तर नावच ‘फॉर द टाइम बीइंग’ होतं, आणि त्याची आखणी गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलासंस्थेने कलावंत निखिल चोप्रा यांच्यासोबत केली होती. तेव्हा हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यायला हरकत नाही.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. ‘जेवायची वेळ झाली’ म्हणताना वेळ स्त्रीलिंगी असते. ‘रांगेत माझा सगळा वेळ गेला’ म्हणताना तोच शब्द पुल्लिंगी होतो. शाळेत हे कुणी मुद्दाम शिकवत नाही आणि बोलताना कुणी चुकतही नाही. ‘ती वेळ’ म्हणजे घड्याळातला ठिपका. ‘तो वेळ’ म्हणजे दोन ठिपक्यांमधला पसारा, जो काढावा लागतो, घालवावा लागतो, कधी नुसता सोसावा लागतो. सिनेमाला ती वेळ हवी असते. खून झाला ती वेळ, पत्र हाती पडलं ती वेळ. मधला वेळ कापून टाकायला संकलक पगारी नेमलेला असतो. व्हिडिओ आर्टवाले त्याने कापून टाकलेला वेळ उचलून घरी आणतात.

## म्हणजे लघुपटच ना?

नाही. लघुपटाला सुरुवात आणि शेवट असतो आणि तो खुर्चीत बसून बघायचा असतो. व्हिडिओ आर्ट बहुतेकदा ‘लूप’वर चालतं, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून, दिवसभर. तुम्ही मधेच येता, मधेच जाता. शिवाय पडदा कुठे आहे, किती मोठा आहे, समोर आरसा आहे की बोळ, हेही कलाकृतीत धरलेलं असतं. अशा अख्ख्या मांडणीला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात.

यातली मेख मात्र यंत्रात आहे. सिनेमाचं रीळ उजेडात धरलं तर नखाएवढी चित्रं दिसतात. व्हिडिओच्या टेपवर काहीच दिसत नाही, तिथे विजेचा संदेश चुंबकीय रूपात नोंदलेला असतो, कॅसेटमधल्या गाण्यासारखा. रीळ धुवायला पाठवावं लागे आणि काय आलं ते नंतर कळे. व्हिडिओत कॅमेऱ्यापुढे हात हलवला की त्याच क्षणी पडद्यावर हात हलतो. आणि संदेश विजेचा असल्यामुळे तो पिळता येतो, अडवता येतो, उशिरा पोचवता येतो. सोनी कंपनीने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात खांद्यावर टाकून नेता येईल असा ‘पोर्टापॅक’ बाजारात आणला आणि हा खेळ स्टुडिओबाहेर आला.

सोलमध्ये जन्मलेला नाम जून पाइक संगीताच्या ओढीने जर्मनीत गेला होता. 1963 साली वुपरटाल शहरातल्या एका प्रदर्शनात त्याने टीव्ही संच मांडले आणि त्यांच्या आतल्या जोडण्या बदलून चित्रं वेडीवाकडी केली. दोन वर्षांनी त्याने टीव्हीच्या डोक्यावर भलामोठा लोहचुंबक ठेवला, तर पडद्यावरच्या प्रकाशाची नक्षी झाली. (टीव्हीशेजारी स्पीकर ठेवून पडद्यावर जांभळे डाग पाडून घेतलेल्यांना यातलं विज्ञान वेगळं सांगायला नको. आमच्या घरी त्याबद्दल धपाटे मिळाले होते.)

पाइकचं 1974 सालचं ‘टीव्ही बुद्ध’ बघा. बुद्धाची मूर्ती, समोर टीव्ही, टीव्हीमागे कॅमेरा. कॅमेरा मूर्तीला टिपतो आणि मूर्ती स्वतःला बघत बसते. काहीच हलत नाही, तरी ते थेट प्रक्षेपण आहे. टीव्हीऐवजी फोटो लावला असता तरी दिसायला तसंच दिसलं असतं, पण मूर्तीच्या पाठीमागे जाऊन वाकलात की इथे तुम्हीही त्या चित्रात येता. फोटोतली वेळ टिपली तिथेच थांबलेली असते, आणि पाइकच्या टीव्हीत अजून कुणीही शिरू शकतं.

## पडद्यावर हालचाल नसतेच

आता डोळ्यांकडे वळू, कारण या कलेचं खरं कुरण तेच आहे.

एका स्थिर चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम दाखवतात, आपल्या जुन्या दूरदर्शनवर 25 असायच्या. म्हणजे पडद्यावर धावणारा घोडा धावत नसतो, एकामागून एक स्थिर घोडे दाखवले जात असतात. धावणं तुमच्या डोक्यात तयार होतं.

याचं कारण म्हणून आपल्याला शाळेत ‘दृष्टिसातत्य’ शिकवलं गेलं. डोळ्याच्या पडद्यावर एक चित्र क्षणभर रेंगाळतं, तोवर दुसरं येतं, झाली हालचाल. हे उत्तर अर्धवट आहे. चित्रं नुसती रेंगाळली असती तर एकावर एक साचून चिखल झाला असता, धावणारा घोडा नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वर्टहायमर याने 1912 साली दाखवून दिलं की दोन रेघा आलटूनपालटून ठरावीक वेगाने चमकवल्या तर माणसाला दोन रेघा दिसतच नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. मधला प्रवास कुठेही घडलेला नसतो, मेंदू तो आपल्या पदरचा घालतो. लग्नाच्या मांडवावरची ‘पळणारी’ माळ बघा. एकही दिवा जागचा हलत नाही.

ही पदरची भर आपण दिवसभर घालत असतो. दादरला आपली लोकल उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर वाटतं की आपणच निघालो. पावसाळ्यात आंबोलीला धबधब्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग नजर शेजारच्या कातळावर न्या. कातळ वर चढायला लागतो. स्कॉटलंडमधल्या एका धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थाने 1834 साली हेच लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल ओळखणाऱ्या पेशी बघून बघून दमतात, म्हणून वरच्या दिशेचं पारडं जड होतं, असं या भासाचं आजचं ढोबळ स्पष्टीकरण आहे.

अजून एक प्रयोग, हा आत्ताच करून बघा. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. पुन्हा डाव्या. डोळे हलताना दिसले? दिसणार नाहीत. बुबुळ उडी मारतं तेवढ्यापुरती मेंदू दृष्टी दाबून टाकतो, नाहीतर दिवसभर जग हिंदकळत राहिलं असतं. आता हेच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. डोळे हलताना चक्क दिसतात, कारण फोनमधलं चित्र किंचित उशिरा येतं आणि तोवर तुमची नजर पोचून स्थिरावलेली असते.

हा उशीर ध्यानात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

## ‘नुसतं स्लो मोशन तर आहे!’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. स्लो मोशन काय, क्रिकेटच्या रीप्लेमध्येही असतं. बरोबर. पण हळू करण्याचे दोन निराळे मार्ग आहेत आणि ते दोन निराळ्या गोष्टी दाखवतात.

पहिला मार्ग अमेरिकन कलावंत बिल व्हायोला (1951-2024) याचा. इटलीतल्या कार्मिन्यानो गावच्या चर्चमध्ये पोंतोर्मो या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं एक चित्र आहे, त्यात दोन गर्भवती स्त्रिया एकमेकींना भेटतात. त्यावरून व्हायोलाने 1995 साली व्हेनिसच्या बिनालेसाठी ‘द ग्रीटिंग’ केलं. दोन बायका रस्त्यात बोलत उभ्या आहेत, तिसरी येते, पहिलीला मिठी मारते, कानात काही सांगते, दुसरी अवघडून बघत राहते. सगळा प्रसंग 45 सेकंदांचा. कॅमेरा सेकंदाला 300 फ्रेम टिपत होता. ते नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर 45 सेकंदांची जवळपास 10 मिनिटं झाली.

मग काय दिसतं? ती तिसरी आल्यावर दुसरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येत नाही. आधी भुवई हलते, मग एक राग, मग तो दाबल्याचं, मग ओठांवर हसू. लग्नसमारंभात नको असलेले पाहुणे समोर आल्यावर आपल्याही चेहऱ्यावरून असंच काहीतरी अर्ध्या सेकंदात जात असणार. ‘अरे वा, या या’ म्हणेपर्यंत ते पुसलंही जातं. इथे ते पुसलं जाण्याआधी सापडतं.

दुसरा मार्ग स्कॉटिश कलावंत डग्लस गॉर्डनचा. त्याने 1993 साली हिचकॉकचा 1960 सालचा ‘सायको’ घेतला आणि तो 24 तास चालेल इतका संथ केला. नवं चित्रीकरण शून्य. हिशोब मांडा. 109 मिनिटांचा सिनेमा, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे साधारण दीड लाख चित्रं. ती 24 तासांवर पसरली की सेकंदाला जेमतेम दोन येतात. आणि सेकंदाला दोन चित्रांत मेंदूची सांधेजोड चालत नाही. हालचाल तुटते, हात इथे असतो तो एकदम तिथे. व्हायोलाच्या कामात हालचाल लोण्यासारखी मऊ होते, गॉर्डनच्या कामात तिचे तुकडे हातात येतात. न्हाणीघरातला तो खून, ज्याची सगळे वाट बघतात, त्यात सुरा कधीच अंगाला लागत नाही. दिसतो तो वर उचललेला, मग खाली आलेला. मधलं सगळं आपण भरलेलं असतं.

खरं सांगायचं तर ‘24 अवर सायको’ हे नाव ऐकूनच निम्मं काम होतं, अख्खं बघणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. व्हायोलासमोर मात्र बसून राहावंसं वाटतं.

वेळ ताणता येतो तसा दाबताही येतो. आणि इथे आपल्याकडचा एक मोठा माणूस आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायचे तर आधी सावकाराला काहीतरी दाखवायला हवं, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा पट तयार केला. बी फुटतं, कोंब येतो, वेल चढतो. नाडकर्णी नावाच्या गृहस्थांनी तो बघून पैसे दिले. म्हणजे भारतीय सिनेमाला पहिलं भांडवल मिळालं ते वेळ मुठीत धरून दाखवल्याबद्दल.

## आठ सेकंदांपूर्वीचे तुम्ही

सेल्फीतला तो उशीर आठवतो? अमेरिकेतल्या डॅन ग्रॅमने 1974 साली तो उशीर आठ सेकंदांचा केला.

‘प्रेझेंट कंटिन्यूअस पास्ट्स’ ही एक खोली आहे. दोन भिंतींना आरसे, एका भिंतीत कॅमेरा आणि टीव्ही. आरशात तुम्ही आत्ताचे दिसता. टीव्हीत आठ सेकंदांपूर्वीचे. कॅमेऱ्याला समोरच्या आरशात टीव्हीही दिसत असतो, म्हणून टीव्हीतल्या टीव्हीत तुम्ही सोळा सेकंदांपूर्वीचे, त्याच्या आत चोवीस. मागे मागे जाणारी ही तुमचीच रांग. उशीर करायची त्या काळची युक्ती मोठी झकास होती. एका यंत्रावर नोंदलेली टेप तशीच पुढे नेऊन दुसऱ्या यंत्रातून वाचायची. दोन यंत्रांमधलं टेपचं अंतर हाच उशीर. म्हणजे वेळ अक्षरशः फूटपट्टीने मोजून मांडलेला.

आत गेल्यावर काय होतं? पहिल्यांदा गंमत वाटते, लोक हात हलवतात. मग आठ सेकंदांनी टीव्हीतला हात हलतो तेव्हा आपण जरा ओशाळलेले असतो, आणि ते ओशाळणं आता आठ सेकंदांनी दिसणार हे आपल्याला ठाऊक असतं. माणूस आपोआप पुढच्या आठ सेकंदांसाठी वागायला लागतो. व्हिडिओ कॉलवर आपलंच बोलणं उशिरा परत ऐकू आलं की जीभ अडखळते ना, तसं इथे अख्ख्या अंगाचं होतं.

त्याआधी चार वर्षं ब्रूस नॉमन या कलावंताने एक अरुंद बोळ बांधला होता, खांदे भिंतींना लागतील असा. टोकाला एकावर एक दोन टीव्ही. एकात रिकामा बोळ, आधीच टिपून ठेवलेला. दुसऱ्यात थेट चित्र, पण कॅमेरा तुमच्या मागे, बोळाच्या तोंडाशी, उंचावर. तुम्ही टीव्हीच्या जवळ जाता तसतसे कॅमेऱ्यापासून लांब जाता. परिणामी पडद्याकडे जावं तशी आपली पाठमोरी आकृती लहान होत जाते. स्वतःचा चेहरा बघायला म्हणून निघालेला माणूस स्वतःपासूनच दूर जातो. रिकाम्या बोळाच्या टीव्हीत तर तो नाहीच. दुकानातल्या सीसीटीव्हीत आपलं टक्कल पहिल्यांदा वरून दिसलं की जो धक्का बसतो, त्याचा हा थोरला भाऊ.

## बिघडलेला टीव्ही म्हणजे कला?

कधीकधी, हो. ज्यांनी कृष्णधवल टीव्ही बघितला आहे त्यांना वर वर सरकत राहणारं चित्र आठवत असेल. मध्ये काळी पट्टी, वर निम्मा माणूस, खाली निम्मा. मग कुणीतरी उठून मागचं ‘व्हर्टिकल होल्ड’चं बटण पिळायचं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते 2 ऑक्टोबर 1972ला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची जोन जोनास हा बिघाड मुद्दाम घडवून आणत होती.

तिच्या ‘व्हर्टिकल रोल’मध्ये जवळपास वीस मिनिटं चित्र असंच गुंडाळत राहतं आणि चमच्याचे ठोके पडत राहतात. तिचे पाय उडी मारतात तेव्हा ती काळी पट्टी जणू उडीची दोरी होते. बघताना कळतं की टीव्ही ही खिडकी नाही, रेघारेघांनी सेकंदाला कित्येकदा पुन्हा पुन्हा विणला जाणारा कपडा आहे, आणि विणकाम जागेवर राहावं म्हणून आत कुणीतरी सतत राबतंय. शेवटी जोनासचं डोकं त्या गुंडाळणाऱ्या चित्राच्या पुढे येतं, स्थिर, आणि आपल्याकडे बघतं. डोकं दुखतं हे मात्र खरं. वीस मिनिटांनंतर माझं दुखलं होतं.

## पी. टी. उषाचा फोटो आणि वेळेची तिरकी वडी

1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. निकाल फोटो-फिनिशवर लागला. हा फोटो आपल्या नेहमीच्या फोटोसारखा नसतो. त्याचा कॅमेरा फक्त अंतिम रेषेकडे, एका फटीतून बघतो. धावपटू रेषेवर येईल तशी एकेक बारीक उभी पट्टी टिपली जाते आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या जातात. म्हणून त्या फोटोत डावीकडून उजवीकडे जागा बदलत नाही, जागा एकच आहे, ती रेषा. बदलत जाते ती वेळ. कुणाचं पाऊल रेषेवर टेकून राहिलं असेल तर ते फोटोत होडीसारखं लांब दिसतं.

तुमच्या फोनमधला पॅनोरमा याचाच भाऊबंद. फोन सरकवताना मध्ये कुणी चालत गेलं की त्याला तीन पाय फुटतात किंवा कुत्रा वीतभर होतो. या तंत्राला ‘स्लिट-स्कॅन’ म्हणतात.

कोथिंबीरवडीचा उकडलेला उंडा डोळ्यांसमोर आणा. एक फ्रेम म्हणजे एक सरळ कापलेली वडी, आणि अख्खा व्हिडिओ म्हणजे उंडा. सगळेजण सरळ कापतात, एक वडी एक क्षण. हे कलावंत सुरी तिरकी धरतात. मग एकाच वडीत थोडं आधीचं येतं आणि थोडं नंतरचं.

पोलंडच्या झ्बिग्नेव्ह रिब्चिन्स्कीने 1988च्या ‘द फोर्थ डायमेन्शन’मध्ये चित्राच्या बारीक आडव्या रेघा केल्या आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा किंचित निराळ्या क्षणाची लावली. माणूस जागच्या जागी नुसता वळला तरी पडद्यावर त्याचं धड पिळलेल्या धोतरासारखं वळतं, डोकं आणि पाय वेगवेगळ्या क्षणांत. मेलबर्नला काम करणाऱ्या डॅनिएल क्रुक्सने शांघायच्या बागेत ताइची करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना असंच उभ्या पट्ट्यांत फोडलं. सुरुवातीला माणूस दिसतो. मग त्याच्या हालचाली पडद्यावर पसरतात, हात वाहायला लागतात आणि शेवटी धुराच्या वेटोळ्यांसारखा नुसता ओघ उरतो. भीतिदायक वाटेल असं वर्णन आहे, पण बघताना अजिबात तसं वाटत नाही. त्या गृहस्थांना ताइचीतून जे साधायचं होतं ते बहुधा असंच काहीतरी दिसत असावं.

## ‘हे सगळं परदेशातलं खूळ!’

उलट, मुंबई यात बरीच आधी उतरली. चित्रकार अकबर पदमसी यांना 1969च्या सुमारास नेहरू फेलोशिप मिळाली आणि त्या पैशांतून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, सिनेमावाले असे निरनिराळे लोक एका छताखाली. तिथे पदमसींनी ‘सिझिजी’ हा लघुपट केला. सुमारे हजार रेखाचित्रं, नुसत्या रेघा, ठिपके आणि त्यांच्या जागा बदलत जाणारे आकार. आवाज नाही, गोष्ट नाही. तेव्हा तो कुणाला फारसा रुचला नाही.

जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी याच कार्यशाळेत कॅमेरा शिकल्या. त्यांचं ‘युटोपिया’ दोन पडद्यांचं आहे. एका बाजूला 1969मध्ये केलेली, ठोकळ्यांच्या आदर्श शहराची रंगीत स्वप्नं. दुसऱ्या बाजूला 1976 सालची कृष्णधवल मुंबई आणि तिच्याकडे बघणारी एक तरुणी. मधली सात वर्षं दोन्ही पडद्यांमधल्या फटीत आहेत आणि बघणाऱ्याची मान इकडून तिकडे वळते तेव्हा ती वर्षं मोजली जातात. पुढे मालानींनी पारदर्शक नळकांड्यांवर उलट्या बाजूने चित्रं काढली, ती फिरती ठेवली, आरपार प्रकाश आणि व्हिडिओ सोडला. भिंतीवर चित्र, सावली आणि चलच्चित्र एकमेकांतून जात राहतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ज्यांनी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ बघितला आहे त्यांना या खोलीत परकं वाटणार नाही. 2023 साली मालानींना जपानचं क्योटो पारितोषिक मिळालं.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्याच ‘कॅम्प’ या गटाचं, 2022 सालचं ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’. दक्षिण-मध्य मुंबईतल्या एका 35 मजली इमारतीवर बसवलेला, लांबून हलवता येणारा सीसीटीव्ही कॅमेरा. तो आभाळापासून सुरू करतो आणि हळूहळू खाली झुकतो. काचेचे टॉवर, मग गिरण्यांचे अवशेष, चाळी, मग निळी ताडपत्री. सात पडदे एकत्र. चोर पकडायला केलेलं यंत्र इथे शहराच्या अंगावरून नजर फिरवायला वापरलं आहे. मुंबईत उंची म्हणजे किंमत, हे वाक्य कुणीही लिहील, पण ती उंची अशी मानेला जाणवत नाही.

## ‘कंटाळा येतो, त्याचं काय?’

येतो. आणि बऱ्याचदा चूक बघणाऱ्याची नसते. हळू केलं की खोल झालं, असा या क्षेत्रात एक आळशी समज आहे. बंद पंख्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मीही बघितला आहे आणि त्यातून मला पंख्यावर धूळ असते एवढंच कळलं.

पण कंटाळ्याची तक्रार करणारी माझी काही मित्रमंडळी डिसेंबरात पुण्याला सवाईच्या मांडवात शाल पांघरून विलंबित ख्याल तासभर ऐकतात. विलंबित एकतालाच्या दोन मात्रांमध्ये चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवता येतो, आवर्तन संपायला कधी मिनिटभर लागतं. तिथे कुणी ‘हँग झालंय’ म्हणत नाही. का? कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे ठाऊक असतं. त्या वाट बघण्यातच गाणं असतं, आणि सम आली की हजार माना एकदम हलतात.

मला वाटतं चांगल्या आणि टाकाऊ व्हिडिओ आर्टमधला फरक इथेच सापडतो. चांगल्या कामाला स्वतःची सम असते. व्हायोलाच्या त्या दहा मिनिटांत कानातली कुजबुज ही सम आहे. ग्रॅमच्या खोलीत दर आठ सेकंदांनी येते, नॉमनच्या बोळात टीव्हीपाशी पोचल्यावर. धुळीच्या पंख्याला सम नव्हती.

## ‘एवढं तर मोबाइलवर माझी भाचीही करते’

करत असेल, आणि चांगलंही करत असेल. आज फोनमध्ये स्लो मोशन, टाइम-लॅप्स, पॅनोरमा सगळं आहे. पाइकला हेवा वाटला असता. पण रील तुमच्या अंगठ्याच्या ताब्यात असतो. कंटाळा आला की वर सरकवा. अंधाऱ्या खोलीत अंगठ्याला काम नसतं. किती वेळ लागायचा हे समोरच्याने ठरवलेलं असतं, आणि ते सोसणं किंवा उठून जाणं एवढंच आपल्या हाती राहतं.

मग अशी फाइल विकत कोण घेतं, असाही प्रश्न येतो. कॉपी करता येत असली तरी कलावंत मोजक्याच प्रती अधिकृत करतो. ख्रिश्चन मार्क्लेच्या ‘द क्लॉक’च्या सहा आहेत आणि त्यातल्या काही तर दोन-तीन संग्रहालयांनी वर्गणी काढून एकत्र घेतल्या. 2010 सालचं हे काम 24 तासांचं आहे. हजारो सिनेमांतले असे तुकडे जोडले आहेत की ज्यांत कुठेतरी घड्याळ दिसतं किंवा कुणी वेळ विचारतं, आणि पडद्यावर जितके वाजतात तितकेच बाहेर वाजलेले असतात. दुपारी सव्वाचारला तिथे सव्वाचार. 2011च्या व्हेनिस बिनालेत त्याला सुवर्णसिंह मिळाला. गमतीचा भाग असा की पूर्ण वेळ घड्याळ समोर असूनही लोक तासन्‌तास बसून राहतात. ती वेळ क्षणोक्षणी कळत असते आणि तो वेळ कधी गेला ते कळत नाही.

## किती वेळ थांबायचं?

माझा नियम साधा आहे. आत गेल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे, त्याला दोन-तीन मिनिटं जातातच. पाटी नंतर वाचायची. मग चित्रात कुठली तरी एकच जागा धरायची, हात, पाण्याची कड, खिडकीतला उजेड, आणि ती बदलते का ते बघायचं. बाक असला तर बसायचं. लूप आहे की नाही हे सुरक्षारक्षकाला विचारायचं. दिवसाचे आठ तास तो ते बघतो, कुठे काय येतं ते त्याच्याइतकं कलासमीक्षकालाही ठाऊक नसतं.

त्या दिवशी मीही त्याला विचारलं. "अजून चार मिनिटं," तो म्हणाला, "मग ती इकडे बघते." आजी बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या, पर्स मांडीवर. थोड्या वेळाने पडद्यामागून नातवाचं डोकं आत आलं, "आजी, चल ना, बाबा बोलावतायत."

"थांब रे," आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "हात आत्ता कुठे गळ्याशी आलाय."